मुंबईची रांग आणि भंडाऱ्याचे आकाश

महानगरांच्या विमानतळांवरील गर्दी प्रवाशांना धावपट्टीवर आणि प्रतीक्षागृहात जाणवते. तिच्यावरचा उपाय मात्र पुष्कळदा त्या विमानतळापासून शेकडो किलोमीटर दूरच्या आकाशात शोधावा लागतो, आणि या दृष्टीने भंडारा जिल्ह्यावरचे आकाश अभ्यासण्याजोगे आहे. पृथ्वीगोलावर मुंबई आणि कोलकाता यांच्यामध्ये दोरा ताणला, तर तो पवनीच्या परिसरातून जातो. बेंगळुरू आणि लखनौ यांना जोडणारा दोरा भंडारा शहराजवळून जातो. प्रत्यक्षातील विमानमार्ग या सरळ रेषांपासून काही किलोमीटर इकडेतिकडे सरकलेले असतात, परंतु पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अशा दोन मोठ्या प्रवाहांची गाठ वैनगंगेच्या या खोऱ्यावर पडते, हे त्यावरून स्पष्ट होते. सुमारे ३५ हजार फूट, म्हणजे जवळपास पावणेअकरा किलोमीटर उंचीवरून जाणारे विमान हा जिल्हा साधारण पाच मिनिटांत ओलांडते. त्या पाच मिनिटांत त्याचा वेग, उंची आणि दिशा काय असावी, यावर पुढे मुंबईला त्याला किती वेळ घिरट्या घालाव्या लागतील हे काही अंशी अवलंबून राहू शकते.

आकाशाची विभागणी

विमाने आकाशात मन मानेल तिथून जात नाहीत. भारताच्या जबाबदारीत असलेले सुमारे २८ लाख चौरस सागरी मैलांचे आकाश (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर) दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार उड्डाण माहिती क्षेत्रांत वाटलेले असून गुवाहाटीला एक उपक्षेत्र आहे. उड्डाण माहिती क्षेत्र म्हणजे आकाशाचा असा विभाग, ज्यातील विमानांना मार्गदर्शन, माहिती आणि संकटकाळी मदत देण्याची जबाबदारी एका निश्चित केंद्राकडे असते. नागपूर, भंडारा आणि गोंदिया मुंबईच्या क्षेत्रात येतात, तर पूर्वेला जवळच असलेले रायपूर कोलकात्याच्या क्षेत्रात येते. म्हणजे जमिनीवर जशी दोन राज्यांची हद्द इथे भेटते, तशीच आकाशातील दोन मोठ्या क्षेत्रांची हद्दही याच भागात भेटते.

एका क्षेत्रातील विमाने एकमेकांपासून दूर ठेवण्याची पद्धत तीन मितींची असते. उंचीच्या बाबतीत दोन विमानांमध्ये किमान १,००० फूट अंतर राखले जाते. पूर्वी २९ हजार फुटांच्या वर हे अंतर २,००० फूट ठेवावे लागे, कारण विरळ हवेत उंचीमापक पुरेसे अचूक नव्हते. उपकरणे सुधारल्यावर भारताने नोव्हेंबर २००३ मध्ये तिथेही १,००० फुटांचा नियम लागू केला आणि त्याच आकाशात वापरण्याजोगे नवे स्तर निर्माण झाले. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांना विषम आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांना सम हजारांचे स्तर दिले जातात, त्यामुळे कोलकात्याहून मुंबईकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी विमाने एकाच उंचीवर समोरासमोर येत नाहीत. एकाच स्तरावरील विमानांमध्ये, रडारची देखरेख असेल तेव्हा, प्रवासमार्गावर साधारण पाच आणि विमानतळाच्या परिसरात तीन सागरी मैलांचे अंतर राखतात. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे जोरदार भोवरे तयार होत असल्याने त्याच्या मागून येणाऱ्या लहान विमानासाठी हे अंतर आणखी वाढवावे लागते.

मुंबईची अडचण

या नियमांचा खरा ताण महानगराच्या विमानतळावर येतो, कारण निरनिराळ्या दिशांनी आणि उंचीवरून आलेली सर्व विमाने तिथे शेवटी एकाच धावपट्टीच्या रेषेवर आणावी लागतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात आणि म्हणून एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. तरीही ११ नोव्हेंबर २०२३ या एका दिवसात तिथे १,०३२ विमानांची ये-जा झाली. ही गर्दी इतकी वाढली की फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाला गर्दीच्या वेळेतील उड्डाणे आणि अवतरणे ताशी ४६ वरून ४४ वर आणावी लागली. त्या वेळी मंत्रालयाने सांगितले होते की विमानांना शहरावर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात आणि एका विमानाचे ४० मिनिटांत सुमारे १.७ किलोलिटर, तर तासाभरात सुमारे अडीच किलोलिटर इंधन वाया जाते.

घिरट्या घालणे ही हवाई वाहतूक नियंत्रणातील जुनी आणि सुरक्षित व्यवस्था आहे. ठरावीक बिंदूभोवती लंबवर्तुळासारख्या मार्गाने विमाने एकावर एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने फिरत राहतात आणि खालच्या विमानाला उतरण्याची परवानगी मिळाली की वरची एकेक स्तर खाली येतात. परंतु हे फिरणे तुलनेने कमी उंचीवर होते, जिथे हवा दाट असते, जेट इंजिनाची कार्यक्षमता कमी असते आणि आवाजही जमिनीपर्यंत अधिक पोचतो. इंधनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रतीक्षेची किंमत केवळ विमान कंपनीच्या हिशेबापुरती राहत नाही.

रांग लावायची कुठे?

आकाशाच्या पुनर्रचनेचा मूळ विचार इथून सुरू होतो. विमान मुंबईवर पोचल्यावर त्याला थांबवण्याऐवजी ते दूर असतानाच थोडे हळू केले, तर ते आपल्या पाळीच्या वेळेलाच पोचेल. लंडनच्या हीथ्रो विमानतळासाठी २०१४ पासून ही पद्धत वापरली जाऊ लागली असून सुमारे ३५० सागरी मैल, म्हणजे ६५० किलोमीटर दूरच्या विमानांना शेजारच्या देशांतील नियंत्रकांमार्फत वेग कमी करण्याची सूचना दिली जाते. मुंबईपासून सरळ रेषेत नागपूर सुमारे ६८० आणि भंडारा सुमारे ७५० किलोमीटर आहे. म्हणजे कोलकात्याहून येणाऱ्या विमानासाठी हा निर्णय घेण्याची योग्य जागा नेमकी पूर्व विदर्भावर येते.

याचा हिशेब साध्या गणिताने करता येतो. ताशी ८३० किलोमीटर वेगाने ७५० किलोमीटर जाण्यास सुमारे ५४ मिनिटे लागतात. वेग पाच टक्क्यांनी कमी केला तर हीच वेळ सुमारे ५७ मिनिटे होते. उतरतानाचा बदलता वेग या हिशेबात धरलेला नाही, तरी भंडाऱ्यावर घेतलेला एक छोटा निर्णय मुंबईवरील जवळपास तीन मिनिटांची प्रतीक्षा आधीच भरून काढू शकतो आणि तीही उंचावरच्या विरळ हवेत, जिथे उड्डाण अधिक किफायतशीर असते. एका विमानाची तीन मिनिटे किरकोळ वाटली, तरी तासाला चाळीसहून अधिक विमाने हाताळणाऱ्या विमानतळावर अशा मिनिटांची बेरीज मोठी होते.

मात्र यासाठी रायपूरवरील, नागपूरवरील आणि मुंबईवरील नियंत्रकांसमोर एकच चित्र असावे लागते. आज विमान एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाताना वैमानिकाला रेडिओची वारंवारिता बदलावी लागते आणि नियंत्रकांना एकमेकांशी समन्वय साधून विमान सोपवावे लागते. प्रत्येक हद्दीवर हे काम वाढते आणि गर्दीच्या वेळी त्याचाच अडथळा होतो. हा प्रश्न सोडवण्यासाठी मांडलेल्या ‘ईशान’ या प्रकल्पात देशाच्या चारही उड्डाण माहिती क्षेत्रांचे आणि गुवाहाटीच्या उपक्षेत्राचे एकसंध नियंत्रण नागपूरहून करण्याची कल्पना असून, भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२४ मध्ये त्याच्या सविस्तर अहवालासाठी इच्छुक संस्थांकडून प्रस्ताव मागवले.

नागपूरची ही निवड नकाशावरून सहज समजते आणि इतिहासही तिला पुष्टी देतो. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाची आणि प्रवाशांची अदलाबदल करीत आणि पहाटेपूर्वी परतीला लागत. त्या काळी टपालाच्या पिशव्या जिथे एकत्र येत, तिथेच आता विमानांची माहिती एकत्र यावी, असा हा विचार आहे.

रेषा बारीक करण्याचे तंत्र

जुने विमानमार्ग जमिनीवरील रेडिओ केंद्रांना जोडून आखलेले असत, त्यामुळे विमानाला एका केंद्रावरून दुसऱ्या केंद्राकडे असे वळत जावे लागे आणि केंद्रापासून अंतर वाढले की अचूकताही घटे. आता उपग्रह आणि विमानातील संगणक यांच्या आधारे आकाशातील कोणताही बिंदू मार्गाचा टप्पा ठरवता येतो. विमानतळाच्या परिसरात वापरल्या जाणाऱ्या एका मानकानुसार विमानाने उड्डाणाच्या किमान ९५ टक्के वेळ आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एका सागरी मैलाच्या आत राहणे अपेक्षित असते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विकसित केलेली ‘गगन’ प्रणाली उपग्रहांच्या संकेतांतील चुका दुरुस्त करून ही अचूकता आणखी वाढवते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे तिच्या आधारे प्रवासी विमान कंपनीच्या विमानाने पहिले अवतरण केले.

या अचूकतेची सर्वाधिक गरज आता मुंबई परिसराला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळावरून त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. दोन विमानतळ इतके जवळ आले की एकाकडे उतरणारी आणि दुसऱ्यावरून उडणारी विमाने एकमेकांच्या वाटेत येण्याची शक्यता निर्माण होते आणि दोन्ही ठिकाणचे मार्ग वेगवेगळे न आखता एकच रचना म्हणून आखावे लागतात. धावपट्ट्या वाढल्या, परंतु त्यांच्यावरचे आकाश वाढले नाही, हे या आखणीचे मुख्य आव्हान आहे.

जगात यासाठी वापरली जाणारी एक पद्धत २०११ मध्ये ऑस्लोला प्रथम अमलात आली. तिच्यात येणारी विमाने एका केंद्रबिंदूपासून समान अंतरावर असलेल्या कंसावर उडत राहतात आणि पाळी आली की नियंत्रक त्यांना सरळ त्या बिंदूकडे वळवतो. कंसावरील प्रत्येक ठिकाण बिंदूपासून सारखेच दूर असल्याने कोणाला केव्हा वळवायचे हे ठरवणे सोपे होते. लंडन सिटी विमानतळानेही २०१६ मध्ये ही पद्धत स्वीकारली.

आखणीचा तिसरा भाग उंचीचा आहे. विमान पायऱ्यापायऱ्यांनी खाली आणले, तर प्रत्येक पायरीवर उंची टिकवण्यासाठी इंजिनाचा जोर वाढवावा लागतो. याउलट सुमारे तीन अंशांच्या सलग उतारावर ते जवळजवळ मंद गतीच्या इंजिनांवर उतरू शकते. या उतारावर प्रत्येक सागरी मैलाला सुमारे ३०० फूट उंची कमी होते. भंडारा शहर नागपूर विमानतळापासून सरळ रेषेत साधारण ३३ सागरी मैलांवर असल्याने, पूर्वेकडून थेट येणारे विमान या हिशेबाने भंडाऱ्यावर सुमारे १० हजार फुटांवर असायला हवे, तर मौद्याच्या परिसरात सहा हजार फुटांच्या आसपास. प्रत्यक्ष उंची वाऱ्यावर, मार्गातील वळणांवर आणि इतर विमानांवर अवलंबून असते, परंतु सलग उताराची आखणी झाल्यास विमान या भागावर अधिक काळ उंच राहील, हा त्याचा स्थानिक लाभ आहे.

आकाशाचे इतर वाटेकरी

या आकाशावर केवळ मोठ्या प्रवासी विमानांचा हक्क नाही. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग असलेल्या गोंदियातील बिरसी विमानतळावर वैमानिक प्रशिक्षण चालते, आणि कमी उंचीवर सराव करणाऱ्या त्या लहान विमानांसाठी सुरक्षित जागा राखणे आवश्यक असते. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भंडाऱ्यात पाणपक्ष्यांचा मोठा वावर असतो, त्यामुळे खालच्या मार्गांची आखणी पक्ष्यांच्या हालचाली पाहूनच व्हायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भावर उठणारे वादळी ढग कधीकधी विमानांच्या प्रवासस्तराच्याही वर जातात आणि विमानांना वळसा घेण्यास भाग पाडतात, म्हणून नव्या मार्गांमध्ये अशा वळशांसाठी मोकळी जागाही ठेवावी लागते. ही मोकळी जागा मिळणे संरक्षण दलांच्या राखीव क्षेत्रांवरही अवलंबून आहे. देशाच्या आकाशाचा केवळ ६० टक्के भाग नागरी विमानांना मुक्तपणे वापरता येतो, असे केंद्र सरकारने मे २०२० मध्ये सांगितले होते आणि निर्बंध शिथिल केल्यास वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपयांचा लाभ होईल, असा अंदाज त्या वेळी दिला होता.

खाली राहणाऱ्यांचा प्रश्न

अचूकतेला एक दुसरी बाजूही आहे. पूर्वी विमाने रुंद पट्ट्यात विखुरलेली जात, त्यामुळे त्यांचा आवाजही विखुरलेला असे. नव्या तंत्राने ती एकाच बारीक रेषेवरून जाऊ लागली की त्या रेषेखालील वस्तीवर सगळा भार येतो. अमेरिकेतील फिनिक्स शहरात २०१४ मध्ये उपग्रहाधारित उड्डाणमार्ग सुरू झाल्यावर नागरिकांच्या तक्रारी प्रचंड वाढल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला. ब्रिटनने जानेवारी २०१८ पासून आकाशाच्या रचनेतील बदलांसाठी सात टप्प्यांची प्रक्रिया लागू केली असून बाधित लोकांशी विचारविनिमय हा तिचा भाग आहे.

नागपूर विमानतळावर दुसरी धावपट्टी प्रस्तावित आहे आणि देशाच्या आकाशाचे नियंत्रण तिथे एकवटण्याचा विचार पुढे जात आहे, त्यामुळे हा प्रश्न पूर्व विदर्भासाठी दूरचा राहिलेला नाही. मार्गांची पुनर्रचना आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे इंधन, वेळ आणि प्रदूषण या तिन्हींत बचत होते आणि सुरक्षितता वाढते. परंतु १० हजार फुटांखालील प्रत्येक नव्या मार्गाचा नकाशा मराठीत प्रसिद्ध व्हावा, संबंधित ग्रामपंचायती आणि नगरपालिकांचे म्हणणे मार्ग निश्चित होण्यापूर्वी ऐकले जावे आणि आवाजाची मोजणी बदलाच्या आधी व नंतर अशी दोन्ही वेळा व्हावी. मुंबईची रांग सोडवण्यात भंडाऱ्याच्या आकाशाचा वाटा असेल, तर ते आकाश कसे आखले जाते हे जाणून घेण्याचा आणि त्यावर मत मांडण्याचा अधिकार भंडाऱ्याच्या नागरिकांनाही मिळालाच पाहिजे.