इंजिनाचा पिवळा दिवा : घाईने खर्च नको

व्यापारी बंधूंनो, उरण-पनवेल रस्त्यावर मालाच्या पेट्रोल व्हॅनचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर लगेच इंजिन खोलू देऊ नका. आधी स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. 'पी ०३२५' आला, तर तक्रार नॉक सेन्सरच्या सर्किटची समजावी. इंजिन ब्लॉकवर बसवलेला हा सेन्सर ठोक्याचा कंप ओळखतो; मग कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडून पिस्टन वाचवतो. सेन्सर बिघडला की ठिणगी कायमच मागे राहते. ताकद घटते, पेट्रोल जास्त जाते. प्रथम वायर व कपलर तपासावा. खाऱ्या हवेत पिना गंजतात. नवा सेन्सर लागलाच, तर त्याचा बोल्ट कंपनीने दिलेल्या मापानेच आवळावा. सैल बोल्टने सिग्नल चुकतो. दिवा लुकलुकू लागला, तर मात्र भरलेली गाडी पुढे रेटू नये.