रिकाम्या घराची किल्ली

आपल्याकडे मुलीचें लग्न ठरलें कीं पातेल्यांपासून पोळपाट-लाटण्यापर्यंत सारें सामान घरचीं माणसें मिळून जमवितात. परंतु ज्याला माहेर नाहीं नि सासरही नाहीं, ज्यानें कित्येक वर्षें रस्त्यावर काढलीं, अशा माणसास एके दिवशीं घराची किल्ली मिळाली, तर त्याचा संसार कोणीं थाटावा?

इंग्लंडांत हा प्रश्न रोज उभा राहतो. तेथें पालिका व गृहसंस्था गरजूंना जीं घरें भाड्यानें देतात, तीं बहुधा अगदीं रिकामीं असतात. शेगडी नाहीं, पलंग नाहीं, खिडक्यांना पडदे नाहींत. पुष्कळदां जमिनीवरचा गालिचाही उखडून नेलेला असतो. पूर्वीं अशा वेळीं सामानासाठीं मध्यवर्ती सरकारचें अनुदान मिळूं शके. तें एप्रिल २०१३ मध्यें बंद झालें, आणि इंग्लंडापुरतें तें काम स्थानिक पालिकांवर सोंपविण्यांत आलें. तेथल्या हिवाळ्यांत उघड्या फरशीवर एकटाच निजणारा मनुष्य, जुने सोबती जेथें आहेत त्या रस्त्याकडे पुन्हां वळला, तर नवल काय?

ही उणीव धर्मादाय संस्था भरून काढूं पाहतात. लोकांचें वापरलेलें सामान गोळा करावयाचें, तपासावयाचें, डागडुजी करून वखारींत मांडावयाचें. कांहीं संस्था एका माणसापुरतीं भांडीं, किटली, चादरी, उशी असें सारें खोक्यांत भरून त्याच्या हवालीं करितात. कॅनडांतहि अशीच गरज आहे. तेथें टोरोंटो शहरीं १९९८ सालीं निघालेल्या ‘फर्निचर बँक’ या संस्थेची पद्धत मला विशेष आवडते. तेथें घेणारा स्वतः सामान पाहून आपल्या पसंतीची वस्तु निवडतो. ज्याला आजवर मिळेल त्यावर भागवावें लागलें, त्याला ‘ही खुर्ची नको, ती हवी’ असें म्हणतां येणें ही लहान गोष्ट नव्हे.

ताट एक द्यावें कीं दोन? हिशेबानें एकच पुरे. पण दुसरें ताट नि दुसरा पेला असला, तर त्या घरीं कोणी जेवावयास येऊं शकतो. माझें मत दोन ताटांचें.

देणाऱ्यानेंहि थोडें जाणून घ्यावें लागतें. ब्रिटनमधील १९८८ च्या नियमांमुळें, अग्निसुरक्षेची चिठ्ठी शिवलेली नसेल तो सोफा संस्था स्वीकारीत नाहींत. आंतील फोम पेटला कीं विषारी धूर कोंडतो. पुष्कळ गृहस्थ ती चिठ्ठी बोंचते म्हणून कापून टाकतात, आणि उत्तम सोफा वायां जातो! विजेचीं उपकरणें तपासल्यावांचून पुढें जात नाहींत. डागाळलेली गादी, ढेकणांची खाट यांना तर दारांतूनच निरोप.

आपल्या देशांत २०११ च्या शिरगणतींत १७ लाखांहून अधिक माणसें बेघर म्हणून नोंदली गेलीं. आपल्या माळ्यावरील जुनें सामान मात्र बोहारणीची वाट पाहत राहतें. निवाऱ्यांतून कोणी स्वतःच्या खोलींत जावयास निघाला असेल, तर आधीं त्याला काय हवें तें विचारावें, आणि मगच माळ्यावर चढावें. मी पडलों मास्तर, सूचना दिल्यावांचून राहवत नाहीं: पातेलें द्यावें तें झांकणासकट, घासून. कुकर दिल्यास त्याची शिटी व रबरी कडें पाहून घ्यावें. आणि खाट सुटी करून द्यावयाची असल्यास तिचे स्क्रू पुरचुंडींत बांधून तिच्याच पायाला अडकवावेत.