जोड दिसू द्या

गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओंकडे एक काम हमखास येत असे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की मुलं कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन येत आणि सांगत, "यातले बाबा काढून आईशेजारी बसवा." स्टुडिओवाला त्या ग्रुप फोटोचा पुन्हा फोटो घेई, चेहरा हवा तेवढा मोठा करी, ब्लेडने कडेकडेने कापी, बाबा नुसत्या बनियनवर असतील तर दुसऱ्या कुणाचा कोट त्यांना चढवी. मानेभोवतीचा जोड बारीक ब्रशने रंग भरून बुजवला जाई आणि त्या सगळ्याचा शेवटचा फोटो निघे. हयातीत ज्या जोडप्याचा एकत्र फोटो कधी निघाला नव्हता, ते असं शेजारी शेजारी बसे आणि भिंतीवर जाई. विदर्भातल्या घरांत असे फोटो मी पाहिले आहेत, इथे भिलाईत, रिसालीच्या क्वार्टर्समध्येही पाहिले आहेत. याला कुणी कला म्हणत नाही. पण फोटो कापून जोडण्याच्या फोटोमोंताज या कलाप्रकाराची जन्मकथा जवळपास अशीच आहे.

1918 सालच्या उन्हाळ्यात हाना ह्योख आणि राउल हाउसमान हे दोघे जर्मन कलावंत बाल्टिक समुद्राकाठच्या एका कोळीवस्तीत सुट्टीला गेले होते. तिथल्या घराघरांत एकसारखं छापील चित्र टांगलेलं होतं: पार्श्वभूमीला बराकी, पुढे गणवेशातला सैनिक. गणवेश सगळ्यांना एकच, चेहरा मात्र ज्याच्या त्याच्या मुलाचा, फोटोतून कापून चिकटवलेला. आपल्याला मोंताज तिथे सुचला, असं त्या दोघांनीही पुढे सांगितलं. श्रेयावरून बर्लिनच्या कलावंतांत बरेच वाद झाले. मला मात्र त्या कोळ्यांच्या भिंती जास्त महत्त्वाच्या वाटतात. हे तंत्र आधी घरातल्या माणसांना ठाऊक होतं, कलावंतांनी ते उचललं.

उचलून त्यांनी काय केलं, हे बघायला ह्योखचं एक चित्र पुरेसं आहे. 1919-20 मधलं हे काम साधारण 114 सेंटिमीटर उंच आणि 90 रुंद आहे. त्याच्या लांबलचक नावात 'स्वयंपाकघरातली सुरी' येते. ह्योख तेव्हा बर्लिनच्या उलश्टाइन या प्रकाशनगृहात नोकरी करत होती, बायकांच्या मासिकांसाठी लेस आणि भरतकामाचे नमुने काढत होती. सचित्र साप्ताहिकांचे ढीग हाताशी होतेच. त्यांतून तिने आइन्स्टाइनचं डोकं कापलं, मंत्री कापले, चाकं आणि बॉल बेअरिंग कापली. केथे कोलवित्स या थोर चित्रकर्तीचं डोकं एका नर्तकीच्या धडावर अधांतरी ठेवलं. उजव्या खालच्या कोपऱ्यात युरोपचा एक छोटा नकाशा आहे. बायकांना मताचा हक्क मिळालेले देश त्यावर दाखवलेत आणि त्याला लागूनच ह्योखने स्वतःचा चेहरा चिकटवला आहे. कुठलाही जोड तिने बुजवलेला नाही. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी आणून ठेवल्या आहेत हे पाहणाऱ्याला कळलंच पाहिजे, त्याशिवाय तो विचार करणार नाही. स्टुडिओतला फोटो आणि ह्योखचं चित्र इथे वेगळे होतात.

कापून जोडलेले फोटो त्याआधीही होते. ऑस्कर रेजलँडर याने 1857 मध्ये इंग्लंडमध्ये तिसाहून अधिक निगेटिव्ह एकत्र करून एक भव्य प्रसंग रचला होता. पण त्याची सगळी धडपड जोड लपवण्याची होती.

बर्लिनच्याच जॉन हार्टफिल्डने याच तंत्राचं हत्यार केलं. मूळ नाव हेल्मुट हेर्त्सफेल्ड. पहिल्या महायुद्धात जर्मनीत इंग्रजांविरुद्ध द्वेषाची लाट उसळली, तिचा निषेध म्हणून त्याने इंग्रजी नाव घेतलं. जुलै 1932 मध्ये एका कामगार साप्ताहिकात त्याने भाषण ठोकणारा हिटलर छापला. छातीच्या जागी एक्स-रे, अन्ननलिकेत सोन्याच्या नाण्यांची चळत, हृदयाच्या जागी स्वस्तिक. हिटलरला पैसा कोण पुरवतं हे चित्रच सांगत होतं. पुढच्या वर्षी नाझी सत्तेवर आले, घरावर छापा पडला तेव्हा हार्टफिल्ड बाल्कनीतून उडी मारून निसटला आणि प्रागला पोचला.

भिलाईत राहून या कलेविषयी लिहायचं तर रशियाकडे वळणं भागच आहे. भिलाई पोलाद कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार 2 फेब्रुवारी 1955 चा. तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि मध्य प्रदेशची राजधानी नागपूर होती. पुढच्या वर्षी राज्यांची फेररचना झाली. पण नागपूरहून मुंबई-हावडा मार्गावर एका गाडीच्या अंतरावर नोकऱ्या निघाल्या आणि आमच्यासारखी मराठी कुटुंबं इथे येऊन वसली. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. ज्या देशाने हा कारखाना उभारून दिला, त्याने पोलाद, वीज आणि कोळसा यांची स्वप्नं 1920 आणि 30 च्या दशकांत मोंताजमधूनच रंगवली होती.

ती रंगवणाऱ्यांतला सर्वांत ताकदीचा माणूस गुस्ताव क्लुत्सिस, मूळचा लाटव्हियाचा. 1930 मधल्या त्याच्या एका पोस्टरवर एक प्रचंड उघडा तळवा आहे आणि त्या तळव्याच्या आत अनेक छोटे तळवे उगवलेले आहेत. हात क्लुत्सिसने स्वतःचाच वापरला. एकाच हाताचे लहानमोठे फोटो एकमेकांवर चढवले आणि त्यांतून हजारोंचा समुदाय झाला. मला हे पोस्टर फार आवडतं, आणि त्याचा निर्माता 1938 मध्ये स्टालिनच्याच राजवटीत गोळी घालून मारला गेला हे ते पाहताना विसरता येत नाही. स्टालिनची भव्य पोस्टरंही त्यानेच केली होती.

याच परंपरेचा दुसरा मोठा कलावंत अलेक्सांद्र रोदचेन्को. 'यूएसएसआर इन कन्स्ट्रक्शन' या मासिकाचा 1933 मधला श्वेत समुद्र कालव्यावरचा अंक त्याने सजवला. बांध, धबधबे, काम करणारे हात, वर वाजणारा बँड, सगळं एकमेकांत अप्रतिम गुंफलं आहे. तो कालवा कैद्यांनी खणला होता आणि हजारो कैदी त्यात मेले. त्या मृत्यूंचा मागमूस अंकात नाही. पाहणाऱ्याला थांबून प्रश्न विचारायची जागा जिथे उरत नाही तिथे मोंताज खोटं बोलू लागतो, असं माझं ठाम मत आहे. इथल्या कारखान्यात रेल्वेचे रूळ वेल्डिंगने जोडून 260 मीटरपर्यंत लांब करतात, आणि वर आलेला धातू घासून जोड असा सपाट करतात की चाकाला तो जाणवू नये. रुळासाठी ते बरोबरच आहे. चित्रात पाहणाऱ्याच्या डोळ्याला जोड जाणवला पाहिजे.

आपल्याकडे या कलेचं घराणं मोठं आहे, फक्त ते एका नावाखाली कुणी मांडलं नाही. राजस्थानात नाथद्वाऱ्याचे चितारी श्रीनाथजींची पूजा रंगवत आणि यात्रेकरू कुटुंबाचे फोटोतले चेहरे त्या रंगीत धडांवर चिकटवत. घरी परतणारं कुटुंब देवाच्या शेजारी उभं असे. मुंबईत दिवाकर करकरे यांनी 'दीवार', 'अमर अकबर अँथनी' यांसारख्या चित्रपटांची पोस्टरं केली. त्या काळच्या पोस्टरकलेत नटांचे फोटो कापून, लावून, वरून रंगाचे जाड फटकारे मारले जात. राग निळा आणि लाल होऊन चेहऱ्यावर उतरे. 2001-02 मध्ये विवान सुंदरम यांनी आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरचे फोटो संगणकावर एकत्र केले आणि मावशी अमृता शेरगिल एकाच चौकटीत वेगवेगळ्या वयांत वावरू लागली. स्टुडिओवाल्यांचं जुनं काम, गेलेल्यांना एकत्र बसवायचं, त्यांनी कलेच्या उंचीवर नेलं.

आणि चौकाचौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स? मधोमध मोठं डोकं, वर नेत्यांची वर्तुळं, खाली शुभेच्छुकांची रांग. महाराष्ट्रात रोज सर्वांत जास्त छापला जाणारा फोटोमोंताज बहुधा हाच असावा. कोण किती मोठं आणि कोणाच्या किती जवळ, एवढंच त्यात सांगायचं असतं. तेवढ्यासाठी इतकं समर्थ तंत्र खर्ची पडतं याचं मला वाईट वाटतं.

म्हणून म्हणते, स्वतः करून पाहा. संगणक येत असेल तर उत्तमच. फोटोशॉपमध्ये 1994 पासून लेयरची सोय आहे आणि आता फोनसुद्धा माणूस अलगद कापून देतो. पण सुरुवात कागदावर करावी. मी रिसालीवर एक मोंताज केला, त्यात तीनच गोष्टी घेतल्या: क्वार्टरच्या अंगणातलं तुळशीवृंदावन, ब्लास्ट फर्नेस आणि नऊवारीतली आई. वृंदावन झेरॉक्सवर वाढवत वाढवत फर्नेसपेक्षा उंच केलं. आईवर उजेड डावीकडून येत होता आणि फर्नेसवर उजवीकडून; फोनमध्ये फर्नेस उलटवून प्रिंट काढली असती तर उजेड जुळला असता. पण मी तो तसाच ठेवला. ती दोन वेगळी जगं आहेत आणि आई आयुष्यभर त्या दोन्हींत राहिली.

कापताना आधी आतल्या फटी कापाव्यात, म्हणजे हात आणि कंबर यांमधली जागा. बाहेरची कड शेवटी, नाहीतर कागद हातात धरायला काही उरत नाही. वळणावर कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा. सगळे तुकडे न चिकटवता मांडावेत, रात्रभर तसेच राहू द्यावेत, सकाळी पुन्हा सरकवावेत. मांडणी पटली की फोनवर तिचा फोटो घ्यावा, मग सर्वांत मागचा तुकडा आधी चिकटवावा. पातळ डिंकाने झेरॉक्सचा कागद सुरकुततो, त्यापेक्षा ग्लू स्टिक बरी. कापलेली पांढरी कड पेन्सिलने काळी करण्याचा मोह होईल. तो आवरावा.

दुसऱ्याचा चेहरा वापरायचा असेल तर त्याला विचारा. घरातल्या मूळ फोटोला कधीही कात्री लावू नका, आधी झेरॉक्स किंवा स्कॅन करून घ्या. आणि तो मूळ फोटो हातात आहे तोवर, त्यातली माणसं ओळखणारं कुणी घरात आहे तोवर, मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने त्यांची नावं आणि साल लिहून ठेवा.