वाट पाहून वाहन

एसटीच्या मालवाहतुकीला मे २०२५ मध्ये पाच वर्षे झाली. सोहळा करावा असे त्यात फारसे नाही, कारण ज्या गाड्यांवर ही सेवा उभी राहिली त्या मुळातच थकलेल्या होत्या. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. जुनी गाडी गेली की तिच्या जागी काय आणायचे, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. माझे म्हणणे एवढेच, की गाडी वाट आणि ओझे पाहून ठरावी. गेली काही वर्षे आपण आधी गाडी घेतो आणि मग तिला काम शोधतो.

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याला हे सांगावे लागत नाही. नाणेघाटाची चढण इथूनच सुरू होते. सातवाहन काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जाई. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण वर खिंडीपाशी अजून उभा आहे. पायऱ्यांच्या त्या वाटेवर चाक चालत नाही, तिथे पाठीवर गोणी घेणारे जनावरच हवे. पुढे गाडीरस्ते झाले, १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि गावोगावी लाल गाडी पोचली. त्या गाडीला टप होता. मागच्या शिडीवरून वर चढवलेली भाजीची पाटी, शेजारी तांदळाचे पोते, दोन्ही एकाच दोरीने करकचून बांधलेली. प्रवासी आणि माल एकाच फेरीत जात. गाडीचा सांगाडा विकत घेऊन त्यावरची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत होई. बांधणारे आणि दुरुस्त करणारे एकाच घरचे असल्याने घाटात काय खिळखिळे होते हे बांधणाऱ्यांच्या कानावर येई.

२०१७ नंतर हा धागा विरत गेला. त्या वर्षी वातानुकूलित शिवशाही आली. कौतुक तिच्या रूपाचे झाले, पाटी-पोत्याला मात्र तिच्यावर टप नव्हता. मे २०२० मध्ये टाळेबंदीत प्रवासी थांबले, तेव्हा जुन्या गाड्यांची आसने काढली, खिडक्यांवर पत्रा ठोकला आणि त्यांतून माल नेला. रत्नागिरीचा आंबा बोरिवलीला पोचला. संकटातला तो शहाणा उपाय होता. चूक झाली ती त्यालाच कायमची व्यवस्था मानण्यात. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. ज्याचा माल त्या काळात टेम्पोने गेला, त्याने परत का यावे? मग २०२३ मध्ये भाड्याच्या ५,१५० विजेच्या गाड्यांचा करार झाला, त्या वेळेत आल्या नाहीत. २०२४ मध्ये सुमारे ९८१ कोटींच्या २,१०४ तयार गाड्यांची मागणी गेली. हे सारे मोठे व्यवहार प्रवासी गाड्यांचे, आणि तयार गाडी घेतल्यावर कार्यशाळेचा अनुभव कामी यायचा कुठे?

यावर कोणी म्हणेल, मालवाहू विमानेही अनेकदा जुन्या प्रवासी विमानांतूनच होतात. खरे आहे. ब्लू डार्टने १९९६ मध्ये बोइंग ७३७-२०० ने सुरुवात केली, पुढे ७५७ घेतली. पण विमान मालवाहू करताना कुशीत मोठा दरवाजा कापतात, तळ मजबूत करतात, माल सरकवायला रूळ बसवतात. शिवाय असे विमान बहुधा रात्रीचे थोडे तास उडते, म्हणून कमी किमतीत मिळालेले जुने यंत्रही परवडते. आपली गाडी घाट उपसून झिजल्यावर मालाला जुंपली गेली. दुसरा आक्षेप असा, की खासगी टेम्पो असताना एसटीने यात का पडावे? टेम्पो भरून माल असणाऱ्याने खुशाल टेम्पो करावा. चार क्रेट भेंडी घेऊन फाट्यावर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला अख्खा टेम्पो परवडत नाही, आणि एसटी तशीही त्याच रस्त्याने जाणार असते. तोट्यातल्या महामंडळाला इतके स्वस्त उत्पन्न दुसरे कोणते मिळणार?

म्हणून गावाकडच्या प्रवासी गाडीत मालाचा बंदिस्त कप्पा हवा, लांब पल्ल्याला मुळातून मालासाठी बांधलेला ट्रक हवा आणि दोन्हींच्या निवडीत आगारातल्या यांत्रिकाचा शब्द मोजला जावा. पुढची निविदा लिहिण्याआधी वैशाखऱ्याच्या फाट्यावर आठवडाभर ताणकाटा लावून किती ओझे खरोखर चढते ते मोजावे. नाणेघाटाच्या पायथ्याशी माल जनावराच्या पाठीवर घालणाऱ्यानेही आधी गोणी उचलून पाहिली असणार.