परसातील उन्हाळा

चैत्र सरून वैशाख लागला की देशावरील गावांचे रस्ते भर दुपारी ओस पडतात. माळावरचे गवत करपून जाते, विहिरींचे पाणी तळाला लागते आणि गुरे झाडाच्या सावलीत रवंथ करीत पडून राहतात. अशा दिवसांत सृष्टीमध्ये पाहण्यासारखे काही उरलेलेच नाही, असे पुष्कळांस वाटते. परंतु ज्या घरामागे दहावीस पावलांचे का होईना परस आहे आणि ज्या घरातील मंडळी न्हाणीचे पाणी वाया न दवडता झाडांकडे वळवितात, त्या घरी उन्हाळ्यासारखा संपन्न ऋतू नाही. मोगरा याच दिवसांत बहरतो, लिंबाला कोवळी पालवी फुटते, मांडवावर दोडक्याचा वेल चढतो आणि कलमी आंब्याच्या फांद्या कैऱ्यांनी वाकतात. जिथे फुले आणि फळे, तिथे कीटक हे आलेच. या तिघांचा एकमेकांशी कसा संबंध असतो, हे पाहण्यासाठी अरण्यात जावे लागत नाही. परसातील लहानशी जागा त्याला पुरते.

प्रथम फुलांचे वेळापत्रक पाहा. लाल भोपळ्याचे मोठे पिवळे फूल पहाटे उमलते आणि दुपार होण्यापूर्वीच मिटते. गुलबक्षी सारा दिवस मुकाट्याने बसून उन्हे कलल्यावर, चारच्या सुमारास, रंग उधळू लागते. दोडक्याची पिवळी आणि दुधी भोपळ्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. मोगऱ्याच्या कळ्या दिवेलागणीला सुटू लागतात आणि त्यांचा वास अंगणभर पसरतो. स्वीडन देशातील थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा फुलांचे घड्याळ योजिले होते. कोणते फूल केव्हा उमलते व केव्हा मिटते, हे पाहून वेळ ओळखावी, अशी त्याची कल्पना होती. तुम्हीही आपल्या परसापुरते असे घड्याळ सहज तयार करू शकाल.

फुलांच्या या वेळा उगीच ठरलेल्या नाहीत. दिवसा उमलणाऱ्या फुलांना रंगाचा उपयोग होतो, कारण मधमाश्या आणि फुलपाखरे डोळ्यांनी रंग हेरतात. अंधारात रंग कोठून दिसणार? म्हणून रात्रीची फुले बहुधा पांढरी किंवा फिकी असतात आणि आपल्या वासाने पाहुण्यांना बोलावितात. हे पाहुणे म्हणजे पतंग होत. फुलपाखरू बसले की बहुधा पंख पाठीवर उभे मिटते. पतंग बहुधा ते पसरून किंवा कौलारू छपरासारखे उतरते ठेवून बसतो. एवढी खूण ध्यानात ठेवली तर दोघांतील भेद ओळखणे कठीण नाही.

आता एक कोडे घेऊ. दोडक्याचा किंवा भोपळ्याचा वेल जोमाने वाढतो, फुलांनी भरून जातो. पण फळ काही धरत नाही. घरची माणसे म्हणतात, ‘वेल वांझ निघाला!’ कोणी तो उपटून टाकावयासही निघतो. वास्तविक वेलाचा काही दोष नसतो. या वेलांवर दोन प्रकारची फुले येतात. नर फुलाच्या पाकळ्यांखाली नुसता देठ असतो. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बोटाच्या पेराएवढे इवलेसे फळ जन्मतःच असते. आरंभी बहुतेक नर फुलेच येतात, म्हणून काही दिवस धीर धरावा लागतो. मादी फुले आल्यावरही नर फुलांतील पराग त्यांच्यापर्यंत पोहोचला, तरच ते इवले फळ वाढते. न पोहोचल्यास ते पिवळे पडून गळून जाते. फुलाला पाय नाहीत आणि या वेलांचा पराग चिकट व जड असल्यामुळे वारा तो वाहून नेत नाही. हे काम कीटक करतात. ज्या वर्षी परसात मधमाश्या दिसेनाशा होतात, त्या वर्षी मांडवावर फुले असूनही भाजीची टोपली रिकामी राहते. अशा वेळी भोपळ्याचे ताजे नर फूल सकाळी तोडून, त्याच्या पाकळ्या काढून, त्यातील पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच लावून पाहा. थोड्याच दिवसांत फळ फुगू लागेल. मात्र शेकडो फुलांसाठी हे काम आपल्या हातांनी करावयाचे ठरविले, म्हणजे मधमाशीचे मोल नीट कळते.

आपल्याकडील मधमाश्याही एकाच जातीच्या नसतात. सातेरी ही झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधाऱ्या जागी, अनेक पोळी बांधते. फुलोरी अंगाने लहान. ती झुडपाच्या फांदीला उघड्यावर एकच छोटेसे पोळे लावते. आग्या माशी मोठी व रागीट. तिची पोळी उंच झाडांवर किंवा कड्यांना लोंबतात आणि त्यांपासून दूर राहावे, हेच शहाणपण. उन्हाळ्यात मधमाश्या फुलांवर येतात, तशाच पाणवठ्यावरही येतात. हे पाणी त्या केवळ पिण्यासाठी नेत नाहीत. पोळे तापू लागले, म्हणजे त्या पाण्याचे थेंब पोळ्यात पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाण्याची वाफ होताना पोळे थंड होते. आपला माठ ज्या नियमाने गार होतो, तोच नियम हा लहानसा जीव पाळतो.

वांग्याचे फूल मात्र निराळ्या स्वभावाचे. त्याचा पराग पुंकेसरांच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतो. मिठाची कुपी हलविल्यावाचून मीठ पडत नाही, तसेच हे आहे. मोठा काळा भुंगा या फुलाला मिठी मारतो आणि अंग थरथरवितो. त्या थरथराटासरशी पराग त्याच्या पोटावर सांडतो. भुंग्याचा तो गुंजारव ऐकला, तर वांग्याच्या आळ्यात काम चालू आहे, असे खुशाल समजावे. हाच भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत गोल भोक पाडून घर करतो.

आता लिंबाकडे वळू. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके असलेले एक फुलपाखरू कोवळ्या पालवीभोवती घिरट्या घालताना तुम्ही पाहिले असेल. ती मादी असते. ती पानावर बसून पुढच्या पायांनी ते चाचपते, कारण फुलपाखराला पायांनीही चव कळते. पान लिंबाचेच आहे, अशी खात्री झाली की ती त्यावर एक बारीक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी प्रथम पाखराच्या विष्ठेसारखी काळीपांढरी दिसते. त्यामुळे पक्ष्यांना ती खाण्याजोगी वाटत नाही. मोठी झाल्यावर ती पानासारखी हिरवीगार होते. तिला काडीने हळूच डिवचले, तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे ती फांदीला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून घेऊन कोशात जाते आणि कोश फुटून फुलपाखरू बाहेर येते. महाराष्ट्राने २०१५ साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, त्या नीलवंताच्या अळ्याही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढतात. म्हणून पाने कुरतडलेली दिसताच अळी चिरडण्यापूर्वी क्षणभर विचार करावा. झाड अगदी लहान रोपटे असेल, तर अळ्या हाताने काढाव्यात; पण वाढलेल्या झाडाची एखादी फांदी त्यांच्यासाठी राखून ठेवली, तर लिंबे कमी पडत नाहीत.

परसात जसे मित्र असतात, तसे शत्रूही असतात. कोवळ्या शेंड्यांवर मावा दाटीने बसून रस शोषतो. त्याच्या अंगातून गोड चिकट द्रव पाझरतो. त्या गोडीसाठी मुंग्या तेथे येतात आणि गवळ्याने गाई राखाव्यात, तसा मावा राखतात. परंतु तेथेच तांबड्या पाठीवर काळे ठिपके असलेला वाटाण्याएवढा ढालकिडाही येतो आणि माव्याचा फडशा पाडतो. त्याची लांबट, करड्या रंगाची अळी तर त्याहून खादाड. ती दिसावयास कुरूप असल्यामुळे पुष्कळ लोक तिलाच रोग समजून मारतात. फळमाशीचे उपद्रव वेगळे. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. वरून चांगले दिसणारे फळ आतून किडते.

अशा वेळी विषारी औषध फवारावे, हा उपाय सोपा वाटतो. परंतु औषध मित्र-शत्रू ओळखत नाही. उमललेल्या फुलांवर ते पडले, म्हणजे मधमाश्या मरतात. माव्याबरोबर ढालकिडेही मरतात. मावा झपाट्याने वाढणारा असल्यामुळे तो लवकर परत येतो. ढालकिड्यांना मात्र वेळ लागतो. मग पूर्वीपेक्षा अधिक मावा आणि त्यासाठी अधिक औषध, असे चक्र सुरू होते. लहान परसात त्याची गरज नाही. माव्याने भरलेला शेंडा खुडून टाकावा किंवा पाण्याच्या धारेने धुवावा. कोवळ्या फळांना कागदाच्या पिशव्या बांधाव्यात. किडून पडलेली फळे तशीच न ठेवता खोल पुरावीत.

पाण्याच्या माठाजवळील ओल्या मातीवर एक सडपातळ गांधीलमाशीसारखा कीटक उतरतो, तोही पाहा. ती कुंभारीण. मातीच्या गोळ्या नेऊन ती भिंतीवर चिमुकले गाडगे घडविते, त्यात अंडे घालते, डंखाने निश्चेष्ट केलेल्या अळ्या भरते आणि तोंड बंद करते. काही दिवसांनी त्या बंद घरातून नवी कुंभारीण बाहेर पडते. आत गेलेली अळी आणि बाहेर आलेली माशी, एवढेच पाहिल्यामुळे पूर्वीच्या लोकांस वाटले, की माशीच्या ध्यासाने अळीचीच माशी झाली. ‘भ्रमर-कीटक न्याय’ तो हाच. दृष्टान्त म्हणून तो आजही सुंदर आहे. परंतु गाडगे उघडून पाहणाऱ्यास दिसते, की अळ्या हे अंड्यातून निघालेल्या पिल्लाचे अन्न असते.

असे धीराने पाहणारा एक पुरुष फ्रान्स देशात होऊन गेला. झां आंरी फाब्र हे त्याचे नाव. जन्म १८२३ सालचा, पेशा बरीच वर्षे शाळामास्तराचा. १८७९ साली त्याने सेरिन्यां या खेड्यात एक घर आणि खडकाळ, काटेरी झुडपांनी भरलेली थोडी जमीन घेतली आणि १९१५ साली मरण येईपर्यंत तो तेथेच कीटकांचे निरीक्षण करीत राहिला. त्याने कीटकांवर लिहिलेले दहा खंड जगभर वाचले गेले. कुंभारीण आपले अंडे गाडग्याच्या छताला बारीक धाग्याने टांगून ठेवते, हेही त्याने बारकाईने वर्णिले आहे.

तुम्हांलाही त्याच्याप्रमाणे आरंभ करता येईल. एक वही घ्यावी. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ठरावीक वेळी परसात जाऊन कोणते फूल उमलले, त्यावर कोण बसले, कोणते फळ धरले व कोणते गळले, हे तारखेसह लिहावे. पसरट भांड्यात पाणी घालून त्यात खडे ठेवावेत, म्हणजे मधमाश्यांना बुडण्याचे भय न राहता पाणी पिता येईल. परसाचा एक कोपरा न झाडता तसाच राहू द्यावा; पुष्कळ जिवांना तेवढाच आसरा पुरतो. जागा नसेल, तर खिडकीतील दोन कुंड्याही चालतील.

ज्येष्ठात पहिला पाऊस पडेल, तेव्हा तुमची वही अर्धी भरलेली असेल. ती उघडून पाहा. पानात वाढलेल्या दोडक्याच्या भाजीला आणि ताटातल्या लिंबाच्या फोडीला किती जणांचे हात, नव्हे पाय आणि पंख लागले होते, ते तुम्हांला तीत वाचावयास मिळेल.