विशेष शिक्षण-योजनेचे पुनरवलोकन आणि पालकांचे अधिकार

दहा लक्ष अपंग मुले सार्वजनिक शाळांतून सर्वस्वी वगळलेली आहेत, अशी नोंद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या १९७५ च्या शिक्षणविषयक कायद्यातच आढळते. ही स्थिती पालटण्यासाठी त्या कायद्याने प्रत्येक अपंग बालकास स्वतंत्र लेखी शिक्षण-योजना दिली आणि ती ठरविणाऱ्या मंडळात पालकांस स्थान दिले. १९९० मध्ये या कायद्याचे नाव बदलले. २००४ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. तथापि हे मूलतत्त्व कायम राहिले.

योजनेचे पुनरवलोकन वर्षातून निदान एकदा झालेच पाहिजे. त्यापूर्वी मुलाचे शालेय दप्तर पाहण्याचा, बालकास ओळखणाऱ्या जाणत्या व्यक्तीस सभेस सोबत नेण्याचा आणि योजनेची प्रत विनामूल्य मिळविण्याचा पालकांस अधिकार आहे. ज्यांस इंग्रजी समजत नाही, त्यांच्यासाठी दुभाष्याची सोय शाळेने करावयाची असते. मराठीभाषी पालकही यास अपवाद नाहीत.

येथे एक भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. पालकांच्या लेखी संमतीवाचून पहिली योजना अंमलात येत नाही. परंतु पुढील वार्षिक बदलांस संघराज्याचा कायदा अशी संमती आवश्यक मानीत नाही. काही राज्यांचे कायदे मात्र ती मागतात. समजा, मुलास सर्वसाधारण वर्गातून काढून स्वतंत्र वर्गात घालण्याचे शाळेने ठरविले. सभेत पालकांनी नुसता विरोध दर्शविल्याने हा बदल थांबत नाही. शाळेने मात्र बदलापूर्वी कारणांसह लेखी सूचना दिली पाहिजे. त्या मुदतीत पालकांनी रीतसर तक्रार दाखल करून निःपक्ष सुनावणी मागितली, तर निकाल लागेपर्यंत मूल सामान्यतः आहे त्याच वर्गात राहते. सूचनेचे महत्त्व यातच आहे.

सुनावणीत पुराव्याचा भार सामान्यतः दाद मागणाऱ्यावर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ठरविले. यास्तव आक्षेप, मागण्या व शाळेची उत्तरे लेखी असणे हिताचे ठरते. शाळेने केलेले मूल्यमापन मान्य नसल्यास सार्वजनिक खर्चाने स्वतंत्र मूल्यमापनाची मागणी करता येते. ती नाकारावयाची असल्यास आपले मूल्यमापन योग्य होते, हे शाळेस सुनावणीत सिद्ध करावे लागते.

योजना कोणत्या कसोटीस उतरली पाहिजे, हे त्याच न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले: नाममात्र प्रगती पुरेशी नाही, बालकाच्या परिस्थितीस अनुरूप प्रगती साधेल अशीच योजना असली पाहिजे. सारांश, कायद्याने पालकांस अंतिम शब्द दिलेला नाही. परंतु त्यांचा शब्द ऐकल्यावाचून निर्णय होऊ नये, अशी व्यवस्था केली आहे. तिचा लाभ वेळेवर व लेखी स्वरूपात बोलणाऱ्यासच पूर्णांशाने मिळतो.