शंट असलेल्या बाळाला हेल्मेट: माहितीपत्रक म्हणते वर्ज्य, मग डॉक्टर का लिहून देतात?

परिचयातील एका मराठी दांपत्याने काही महिन्यांपूर्वी माझ्यापुढे दोन कागद ठेवले. पहिला न्यूरोसर्जनची चिठ्ठी: त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलीसाठी डोक्याचा आकार सुधारणारे हेल्मेट. दुसरे, त्याच हेल्मेटचे माहितीपत्रक. त्यात हायड्रोसेफॅलस असलेल्या बाळांना ते वर्ज्य असल्याचे स्पष्ट लिहिलेले. मुलीला जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत शंट बसवलेला. ‘यातले खरे कोणते?’ हा त्यांचा प्रश्न. दोन्ही खरे आहेत, आणि ते कसे हे पालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तान्ह्या बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला. झोपेतील आकस्मिक मृत्यू पुढे निम्म्याहून अधिक घटले. मात्र सतत उताणे निजल्याने मागून चपटी झालेली डोकी वाढली. १९९८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने अशा बाळांसाठी हेल्मेटला मान्यता दिली, ती दोन अपवाद घालून: कवटीचे सांधे अकाली जुळलेली बाळे आणि हायड्रोसेफॅलस, म्हणजे जलशीर्ष, असलेली बाळे.

या अपवादाचे कारण हेल्मेटच्या कार्यपद्धतीतच आहे. हेल्मेट डोके दाबत नाही. फुगीर भागाला ते नुसते टेकते आणि चपट्या भागापुढे पोकळी सोडते. वाढत्या मेंदूबरोबर कवटी त्या पोकळीत सरकते. म्हणजे सारा भरवसा नैसर्गिक वाढीवर. जलशीर्षात मात्र डोके वाढते ते साचलेल्या मस्तिष्क-मेरुद्रवाच्या दाबाने. अशा डोक्याला बाहेरून मर्यादा घालणे धोक्याचे, आणि वाढत्या दाबाची खूण झाकली जाणे त्याहून धोक्याचे.

शंट हा दाब उतरवतो. मेंदूच्या पोकळीतून निघालेली बारीक नळी त्वचेखालून पोटात उतरते, आणि वाटेत कानामागे एक झडप असते. (ही झडप प्रत्यक्षात आणणारे जॉन होल्टर डॉक्टर नव्हते, तंत्रज्ञ होते, स्वतःच्या मुलाच्या आजारपणातून त्यांनी १९५६ च्या सुमारास ती घडवली.) पण शंटमुळे डोके चपटे होण्याची नवी कारणेही निर्माण होतात. जखमेवर भार नको म्हणून बाळाला आठवडेच्या आठवडे विरुद्ध कुशीवर निजवले जाते. डोके आधीच जड, मान दुबळी, त्यामुळे बाळ ते स्वतःहून वळवत नाही. द्रव गरजेपेक्षा अधिक वाहून गेला, तर कवटीला आतून मिळणारा रेटाच नाहीसा होतो. हाडे एकमेकांवर चढतात, क्वचित सांधे अकाली जुळतात. अशा कवटीला हेल्मेटने काय वळण लावणार?

म्हणूनच काही न्यूरोसर्जन हेल्मेट लिहून देतात ते शंट स्थिर चालत असल्याची, डोक्याचा घेर अपेक्षित गतीने वाढत असल्याची आणि सांधे मोकळे असल्याची खात्री पटल्यावर, स्वतःच्या देखरेखीखाली. हेल्मेट घडवताना झडप आणि नळी यांच्यावर आतून जागा मोकळी सोडावी लागते. तिथली त्वचा पातळ असते, घासून सोलली तर जंतुसंसर्ग थेट शंटपर्यंत पोहोचू शकतो. दिवसाचे २३ तास ते डोक्यावर राहणार असल्याने सुरुवातीला दर तीन-चार तासांनी काढून त्वचा पाहणे हा उपचाराचाच भाग समजावा.

इथे घरातल्या वडीलधाऱ्यांचा विषय निघतोच. नातवंडाच्या काळजीने भारतातून आलेली आजी मोहरीची उशी घेऊन येते. त्या मायेबद्दल शंका नाही; परंतु डोक्याला आकार देणाऱ्या उशा गुदमरण्याच्या धोक्यामुळे वापरू नयेत, असा इशारा अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये दिला आहे. टाळू भरताना, तेल जिरवताना झडपेवर बोटे दाबू नयेत, हेही आजींना आवर्जून सांगावे.

हेल्मेट टाळता येते का? सौम्य चपटेपणात बहुधा येते. जागेपणी पालथे खेळवणे, मानेचे व्यायाम आणि शल्यचिकित्सकाने परवानगी दिल्यावर कुशी बदलणे यांनी पुष्कळ फरक पडतो. नेदरलँड्समध्ये ८४ बाळांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षांच्या वयाला पूर्ण सुधारणा हेल्मेट घातलेल्यांत २६ टक्के, तर न घातलेल्यांत २३ टक्के आढळली. पण ती बाळे अन्यथा निरोगी होती. शंट असलेल्या, मान उशिरा धरणाऱ्या बाळाला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावणे मला धाडसाचे वाटते. उलट, हजारो डॉलरचा खर्च आहे म्हणजे गुण येणारच, असेही नाही.

मुलांतील शंटपैकी साधारण ३० ते ४० टक्के पहिल्या वर्षातच बिघडतात, आणि हेल्मेटचा काळ नेमका त्याच वर्षात येतो. बाळाला उलट्या होऊ लागल्या, ते पेंगुळले, टाळू फुगली, बुबुळे खाली वळलेली दिसली, किंवा कालपर्यंत नीट बसणारे हेल्मेट एकाएकी घट्ट झाले, तर ते काढून ठेवावे आणि पहिला फोन हेल्मेट बनवणाऱ्याला नव्हे, न्यूरोसर्जनला करावा.